महंमद अली सेंटर, लुईव्हिल : बॉक्सर बघायचा असेल तर चौथ्या मजल्यावर वेळ काढा

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलच्या महंमद अली सेंटरबद्दल एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. हे बॉक्सिंगचं संग्रहालय म्हणून उभारलेलं नाही. अली आणि त्याची पत्नी लॉनी यांच्या पुढाकाराने सुमारे आठ कोटी डॉलर खर्चून बांधलेली ही सहा मजली इमारत नोव्हेंबर २००५मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिची मांडणी आत्मविश्वास, ठाम श्रद्धा, समर्पण, दातृत्व, आदर आणि अध्यात्म या सहा मूल्यांभोवती केलेली आहे. पट्टे, ग्लोव्हज आणि ट्रॉफ्यांनी भरलेली दालनं डोळ्यांसमोर ठेवून गेलात तर पहिला अर्धा तास चुकल्यासारखं वाटेल. बॉक्सर अलीही इथे आहे, आणि चांगला आहे, पण तो एका मजल्यावर आहे. तिथे काय बघायचं हे आधीच ठाऊक असेल तर भेट सार्थकी लागते. आमच्या मते पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, ते पुढे येईलच.

आधी जाण्यायेण्याचं. सेंटर लुईव्हिलच्या मध्यवस्तीत, नॉर्थ सिक्स्थ स्ट्रीटवर, ओहायो नदीच्या काठाजवळ आहे. इंडियानापोलिस किंवा सिनसिनाटीहून गाडीने साधारण दोन तास, नॅशव्हिलहून पावणेतीन. नॅशव्हिलकडून येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं, की लुईव्हिलचं घड्याळ एक तास पुढे असतं. सकाळी निवांत निघालात तर दुपारचे दोन इथेच वाजतात, आणि मग शेवटच्या दालनांतून पळत सुटावं लागतं. विमानाने येणाऱ्यांसाठी विमानतळापासून गाडीने पंधरा मिनिटं पुरतात. या विमानतळालाही २०१९पासून अलीचंच नाव आहे. सेंटर आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, म्हणून वार, वेळ आणि तिकिटाचा दर त्यांच्या संकेतस्थळावर बघूनच निघा. आसपास पैसे भरून गाडी लावण्याचे बहुमजली तळ आहेत. बेसबॉल किंवा मोठा कार्यक्रम असेल त्या दिवशी ते लवकर भरतात.

इमारतीच्या वरच्या भागावर रंगीत फरशा बसवून लढण्याच्या पवित्र्यातला अली उभा केला आहे. दारासमोर उभं राहून वर बघितलं तर नुसते चौकोन दिसतात. चित्र नीट दिसायला अंतर लागतं. नदीकाठच्या महामार्गावरून जाताना ते चांगलं कळतं.

आत गेल्यावर आधी वर पाचव्या मजल्यावर जायचं आणि तिथून बघत खाली यायचं. सुरुवातीला पाच पडद्यांवर दाखवला जाणारा एक छोटा माहितीपट आहे. तो चुकवू नका. पुढच्या दालनांना वर्षांचा क्रम नाही, ती विषयवार लावली आहेत. ज्याला अलीच्या आयुष्याचे टप्पे माहीत नाहीत तो १९६०च्या रोममधून १९९६च्या अटलांटात आणि तिथून पुन्हा १९६७मध्ये फेकला जातो. मुलांना घेऊन जाणार असाल तर गाडीतच त्यांना मोजके टप्पे सांगून ठेवा. १७ जानेवारी १९४२ला याच गावात कॅशियस क्ले म्हणून जन्म. १९६०मध्ये रोम ऑलिंपिकला लाइट हेवीवेट गटात सुवर्णपदक. १९६४मध्ये सनी लिस्टनला हरवून जगज्जेता, आणि त्यानंतर लगेच नावात बदल. १९६७मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात जायला नकार. १९७४मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला हरवून पुन्हा जगज्जेता, १९७८मध्ये तिसऱ्यांदा. १९८१मध्ये शेवटची लढत, १९८४मध्ये पार्किन्सन्सचं निदान, ३ जून २०१६ला मृत्यू. एवढा सांगाडा डोक्यात असला की पाचव्या मजल्यावर कुठेही गोंधळ होत नाही. आपल्याकडच्या मुलांना आणखी एक गोष्ट सांगता येईल. १९८०च्या जानेवारीत अली भारतात आला होता आणि दिल्लीत कौर सिंग यांच्याशी प्रदर्शनीय लढत खेळला होता. हे तेच कौर सिंग, ज्यांनी १९८२च्या आशियाई खेळांत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं.

या मजल्यावरचा सगळ्यात दमदार भाग ठाम श्रद्धेचा आहे. एका जुन्या खाणावळीचा काउंटर उभा केला आहे. तुम्ही आत शिरता, आणि एक आवाज तुम्हाला हाकलून लावतो. त्या काळच्या लुईव्हिलमध्ये काळ्या माणसाला पदोपदी जे ऐकावं लागे ते अर्ध्या मिनिटात अंगावर येतं. लहान मुलं दचकतात, म्हणून आधी कल्पना द्या, पण टाळू नका.

त्याला लागून सैन्यभरतीच्या नकाराची कथा येते. इथे फलक भराभर वाचून पुढे जायचा मोह होतो. तो आवरावा, कारण अलीच्या पुढच्या सगळ्या बॉक्सिंगचा उगम इथे आहे. २८ एप्रिल १९६७ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारल्यावर तो पुढे झाला नाही. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने त्याचा परवाना थांबवला, आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. जूनमध्ये पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला, पण रिंगबाहेरही राहिला. २८ जून १९७१ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती थरगुड मार्शल या खटल्यापासून दूर राहिले, म्हणून नऊऐवजी आठ मतं. निकाल अलीच्या बाजूने गेला तो एका तांत्रिक मुद्द्यावर: सैन्यभरतीच्या अपील मंडळाने सूट मागणारा त्याचा अर्ज फेटाळताना कारणच दिलेलं नव्हतं. बॉक्सिंगच्या हिशोबात याचा अर्थ असा, की मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० अशी तीन वर्षं सात महिने तो एकही अधिकृत लढत खेळला नाही. वय पंचवीस ते अठ्ठावीस. ज्या बॉक्सरची सगळी मदार पायांवर आहे त्याची हीच वर्षं सोन्याची असतात. चौथ्या मजल्यावर जाताना हा आकडा डोक्यात असू द्या.

चौथ्या मजल्यावर अलीच्या पेनसिल्व्हेनियातल्या डिअर लेकच्या सराव छावणीची प्रतिकृती आहे. स्पीड बॅगवर, म्हणजे आडव्या फळीखाली टांगलेल्या छोट्या फुगीर बॅगवर, हात चालवता येतो, अलीच्या सावलीबरोबर शॅडो बॉक्सिंग (हवेत ठोसे मारायचा सराव) करता येतं, आणि पडद्यावरून त्याची मुलगी लैला अली सूचना देते. लैला स्वतः जगज्जेती बॉक्सर होती, आणि तिच्या सूचना नेमक्या आहेत. इथे लोक दोन मिनिटं हात आपटून, फोटो काढून निघून जातात. त्यामागचं कारण सरळ आहे, स्पीड बॅग कशी मारायची हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

ती अशी मारायची. बॅगचा सगळ्यात फुगीर भाग तोंड-हनुवटीच्या पातळीवर यायला हवा. सेंटरमधली बॅग तुमच्या उंचीला जुळेलच असं नाही. ती उंच वाटली तर टाचा उचलून नका मारू, तोल जाईल. अंतर थोडं वाढवा. बॅगसमोर सरळ तोंड करून, पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. मूठ सैल. ठोसा सरळ ढकलायचा नाही. मुठीच्या करंगळीकडच्या बाजूने बॅगला वरून पुढे छोटा गोल फटका द्यायचा आणि हात लगेच हनुवटीपाशी आणायचा. फटका बसला की बॅग आधी फळीच्या पलीकडच्या बाजूला आपटते, मग तुमच्याकडच्या बाजूला, मग पुन्हा पलीकडे. असे तीन आवाज झाले आणि बॅग परत तुमच्याकडे निघाली की पुढचा फटका. ढोलाच्या ठेक्यासारखा हा ठेका कानाने पकडावा लागतो. डोळ्यांनी बॅगचा पाठलाग केलात तर हात कायम उशिरा पडतो. आधी एकाच हाताने, मग दोन फटके उजव्या आणि दोन डाव्या हाताने. दर वेळी होणारी चूक म्हणजे जोर. जोरात मारलं की बॅग वाकडी फिरायला लागते, फळीवर सरळ आपटत नाही आणि ठेका तुटतो. दुसरी चूक म्हणजे बॅगच्या मधोमध न मारता वरच्या निमुळत्या भागावर मारणं. मग ती नुसती थरथरते. हळू मारलं तर पाच-सात मिनिटांत एका हाताचा ठेका कुणालाही बसतो. दंडांपेक्षा खांदे आधी भरून येतात. यायलाच हवेत, कारण हा सराव हात सतत वर ठेवण्यासाठीच असतो.

गंमत अशी, की हात वर ठेवण्याच्या बाबतीत अलीचं अनुकरण करू नये. शॅडो बॉक्सिंगच्या पडद्यासमोर लोक हटकून त्याच्यासारखा डावा हात कमरेशी सोडून नाचायला लागतात. फोटोला ठीक आहे. शिकायचं असेल तर डावा पाय पुढे (डावखुऱ्यांनी उजवा), वजन पंजांवर, हनुवटी आत, दोन्ही मुठी गालांशी. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खांद्यातून सरळ जातो, शेवटच्या टप्प्यात मूठ आडवी फिरते, आणि हात ज्या रेषेतून गेला त्याच रेषेतून परत येतो. परत येताना तो खाली पडला, की समोरच्याच्या उजव्या हाताला वाट मोकळी.

मग अली ते का करत होता? या प्रश्नाचं उत्तर याच मजल्यावर, त्याच्या लढतींच्या चित्रफितींत आहे, आणि आमच्या मते सेंटरमधला सगळ्यात मोलाचा वेळ इथे जातो. शेजारीच खऱ्या मापाची रिंग आहे आणि तिच्या जमिनीवर त्याच्या कारकिर्दीचा चित्रपट उमटतो. भोवती उभं राहून तो बघायचा. तो देखणा आहे, पण त्यात ठोसे आणि जल्लोष वेचून घेतलेले आहेत. अभ्यास करायचा असेल तर सलग लढतींच्या चित्रफितींपाशी बसा.

बघायचा क्रम आम्ही असा सुचवू. आधी १९६०च्या दशकातला अली बघा. उंची सहा फूट तीन इंच, हातांचा पल्ला ७८ इंच, वजन ९५ किलोच्या आसपास, आणि पाय मात्र कितीतरी हलक्या मिडलवेट बॉक्सरचे. त्याच्या बचावाकडे बघा. ठोसा आला की शिकवलेला बॉक्सर डोकं बाजूला काढतो किंवा खाली जातो. अली मान आणि धड सरळ मागे घेतो. कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा, ही चूक आहे. सरळ मागे गेलात की तुम्ही अजूनही ठोशाच्या रेषेत असता, आणि एकदा पाठ मागे गेली की आणखी मागे जायला जागा उरत नाही. अलीला हे खपून जायचं, कारण अंतराचा अंदाज अचूक होता आणि मान मागे जाताना पायही सरकत होते. ठोसा बोटभर अंतरावर संपायचा.

ही चूक कुठला ठोसा पकडतो? डावा हुक. हा ठोसा बाजूने वळून येतो, त्यामुळे सरळ मागे जाणाऱ्या हनुवटीला तो गाठतो, आणि उजवा हात खाली असेल तर मध्ये काहीच आडवं येत नाही. जून १९६३मध्ये लंडनच्या वेम्बलीवर हेन्री कूपरने चौथ्या राउंडच्या अखेरीस अलीला खाली पाडलं ते डाव्या हुकने. ८ मार्च १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या राउंडला जो फ्रेझरने पाडलं तेही डाव्या हुकने. दोन लढतींमध्ये जवळजवळ आठ वर्षं, चूक तीच. १९६३मध्ये पाय तरुण होते आणि घंटाही लगेच झाली, कूपर पुढच्या राउंडला हरला. १९७१मध्ये साडेतीन वर्षं वाया गेलेले पाय होते, आणि अली व्यावसायिक कारकिर्दीत पहिल्यांदा हरला. दोन्ही नॉकडाउन एकापाठोपाठ बघितले की मघाचा पाचव्या मजल्यावरचा आकडा प्रत्यक्ष दिसतो. दोन्ही वेळा तो किती पटकन उठला तेही बघा. मार खाण्याची ही ताकद त्याचं दुसरं भांडवल होतं, आणि पुढे तेच त्याला महाग पडलं.

कूपरच्या लढतीबद्दल एक दंतकथा कानावर येईल: प्रशिक्षक अँजेलो डंडीने फाटलेला ग्लोव्ह दाखवून अलीला पाच मिनिटांची उसंत मिळवून दिली. ग्लोव्ह फाटलेला होता आणि डंडीने त्याचा फायदा घेतला हे खरं. मूळ चित्रफितीत मात्र ती विश्रांती नेहमीच्या एका मिनिटापेक्षा काही सेकंदच जास्त आहे.

आता ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. लोकांच्या आठवणीत अलीने दोरांना टेकून मार खाल्ला आणि फोरमन दमला एवढंच असतं. पहिला राउंड नीट बघा. त्यात दोरांना टेकून राहण्याचा डाव नाही. तो जॅबशिवाय थेट उजव्या हाताने सुरुवात करतो आहे. हा ठोसा सगळ्यात लांबून येतो, दिसायला वेळ देतो, म्हणून जगज्जेत्यावर असा कोणी टाकत नाही. फोरमनने त्याची तयारीच केलेली नव्हती. ठोसे लागले, पण फोरमन पडला नाही, आणि एवढ्या मोठ्या माणसाभोवती उकाड्यात पंधरा राउंड नाचणं झेपणार नाही हे अलीला कळलं. दुसऱ्या राउंडपासून तो दोरांकडे गेला. दोर सैल होते, त्यामुळे पाठ दोरांच्या बाहेर झुकवून डोकं फोरमनच्या पल्ल्याबाहेर ठेवता येत होतं. म्हणजे मागे झुकण्याची तीच जुनी सवय, पण आता पायांचं काम दोर करत होते. कोपरं बरगड्यांवर, मुठी कानांशी. फोरमनचे बरेचसे ठोसे दंडांवर आणि कोपरांवर बसले. राउंडच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात अली दोरांवरून निघून झटपट ठोसे देतो आणि पंचांच्या डोळ्यांत राउंड भरवतो. आणि जवळ आल्यावर डाव्या हाताने फोरमनची मान खाली दाबून धरतो. हे नियमात बसत नाही, पंचाने कानाडोळा केला. शंभर किलोच्या माणसाची मान वर उचलायला किती शक्ती लागते, ते या आठ राउंडमध्ये फोरमनच्या खांद्यांकडे बघून समजतं. आठव्या राउंडला शेवटचा उजवा ठोसा बसतो. फोरमन वळून पडत असताना अलीचा पुढचा ठोसा तयार होता, तो त्याने मारला नाही. तेवढी दोन सेकंदं पुन्हा पुन्हा लावून बघावीत अशी आहेत.

तिसरी बघायची ती मनिला, १ ऑक्टोबर १९७५, फ्रेझरशी तिसरी गाठ. चौदा राउंडनंतर फ्रेझरचा डोळा बंद झाला होता आणि त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला पंधराव्याला उठू दिलं नाही. अलीसुद्धा उभा राहण्याच्या पलीकडे गेला होता. ही लढत जिंकल्याबद्दल टाळ्या वाजवताना तिची किंमतही मोजावी.

पाचवा तारा गेला तो इथेच. सेंटरने अलीचा आजार झाकलेला नाही. १९९६मध्ये अटलांटात थरथरत्या हाताने ऑलिंपिकची ज्योत पेटवणारा अली इथे मानाने दाखवला आहे, आणि तो बघून गळा दाटतो. पण मनिलाच्या त्या विजयापासून त्या हातापर्यंतचा रस्ता फारच कमी शब्दांत आहे. सप्टेंबर १९७७मध्ये अर्नी शेव्हर्सने त्याला पंधरा राउंड झोडलं. त्यानंतर त्याच्या कॉर्नरमधले, म्हणजे लढतीच्या वेळी रिंगपाशी असणाऱ्या पथकातले, डॉक्टर फर्डी पाचेको यांनी निवृत्त हो म्हणून सांगितलं आणि कोणी ऐकेना म्हणून ते स्वतःच बाजूला झाले. ऑक्टोबर १९८०मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, थायरॉइडच्या गोळ्या घेऊन वजन उतरवलेला अली लॅरी होम्सपुढे उभा राहिला. दहा राउंडनंतर डंडीने लढत थांबवली. ६१ लढतींच्या कारकिर्दीत, ५६ विजय आणि ५ पराभवांत, मुदतीआधी थांबवलेला त्याचा हा एकमेव पराभव. त्यानंतरही डिसेंबर १९८१मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकशी दहा राउंड झाले. याच्या जोडीला सरावातला मार धरा, जो कुठल्याच नोंदीत नसतो. डिअर लेकला अली स्पारिंग करणाऱ्यांना, म्हणजे सरावाच्या लढतीत समोर उभ्या राहणाऱ्यांना, आपल्याला बडवू द्यायचा, मार पचवायची सवय व्हावी म्हणून. त्यांच्यातच एक होता तरुण लॅरी होम्स. डोक्याला बसलेल्या ठोशांचा त्याच्या पार्किन्सन्समध्ये नेमका वाटा किती, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण ज्या इमारतीत मुलं स्पीड बॅगवर हात चालवतात, तिथे त्याच मजल्यावर हे सगळं ठळकपणे सांगायला हवं होतं. बॉक्सिंगवर प्रेम असणाऱ्यांनीच ते आधी सांगावं. शिवाय अलीच्या वारशातली एक ठोस गोष्ट म्हणजे अमेरिकेत २०००मध्ये झालेला, त्याच्याच नावाचा बॉक्सिंग सुधारणा कायदा. लढत भरवणाऱ्या प्रवर्तकाने लढतीतून आपल्याला किती पैसे मिळणार हे बॉक्सरला सांगायलाच हवं, एकाच माणसाने प्रवर्तक आणि व्यवस्थापक दोन्ही होऊ नये, अशा तरतुदी त्यात आहेत. खेळाडूंच्या पोटाशी संबंध असलेल्या या कायद्याला एखादं स्वतंत्र दालन शोभलं असतं.

तिसऱ्या मजल्यावर चित्रं आणि छायाचित्रं आहेत. लिरॉय नीमनची रंगांनी उसळणारी चित्रं बघण्यासारखी आहेत. हॉवर्ड बिंगहॅम हा अलीचा आयुष्यभराचा छायाचित्रकार मित्र, त्याच्या नावाचं दालनही आहे. जगभरच्या मुलांनी काढलेल्या चित्रांची भिंत लहानांना आवडते. एवढं सगळं धरून तीन ते साडेतीन तास राखून ठेवा: पाचव्याला एक, चौथ्याला दीड, उरलेला बाकीला. दहा वर्षांखालच्या मुलांना पाचव्या मजल्यावरचं वाचन जड जातं. त्यांना पहिला माहितीपट आणि खाणावळ दाखवून एका मोठ्या माणसाबरोबर चौथ्यावर पाठवावं.

सेंटरमध्ये लाल सायकल दिसेल. तिची कथा खरी आहे. ऑक्टोबर १९५४मध्ये बारा वर्षांच्या कॅशियसची नवी सायकल चोरीला गेली, तो चिडून तिथल्याच कोलंबिया जिमच्या तळघरातल्या पोलिसाकडे तक्रार घेऊन गेला. तो पोलीस, जो मार्टिन, तिथे मुलांना बॉक्सिंग शिकवत होता. चोराला बडवायचं तर आधी लढायला शीक, असं त्याने सांगितलं. कमी सांगितलं जातं ते फ्रेड स्टोनरचं नाव. हा काळा प्रशिक्षक गावाच्या दुसऱ्या भागात शिकवायचा, आणि आपल्या लढण्याला आकार त्याने दिला हे अलीने स्वतः म्हटलं आहे. सोन्याचं पदक ओहायो नदीत फेकल्याची कथा मात्र जपून सांगा. अलीच्या आत्मचरित्रात ती आहे, पण पदक हरवलं होतं असंही नंतर पुढे आलं. १९९६मध्ये अटलांटात त्याला बदली पदक दिलं गेलं, एवढं पक्कं.

सायकल गेली ती कोलंबिया जिमची इमारत आजही साउथ फोर्थ स्ट्रीटवर आहे, सेंटरपासून गाडीने पाच-सात मिनिटं. ती स्पाल्डिंग विद्यापीठाच्या ताब्यात आहे आणि दारावर लाल सायकल टांगलेली आहे. ग्रँड अव्हेन्यूवरचं गुलाबी घर, ज्यात अली वाढला, बाहेरून बघून पुढे निघावं. ते २०१६मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं होतं, पण पुढे बंद पडलं. वस्ती राहती आहे, लोकांच्या अंगणात शिरू नका. अलीची कबर केव्ह हिल दफनभूमीत आहे. दफनभूमी प्रचंड मोठी आणि वळणावळणांची आहे, म्हणून फाटकावर नकाशा घ्या आणि संध्याकाळी ती लवकर बंद होते हे लक्षात ठेवा. सकाळी दफनभूमी, मग जिम, जेवण आणि दुपारी सेंटर, असा क्रम एका दिवसात बसतो. बेसबॉलच्या बॅटचं संग्रहालय सेंटरपासून पायी दहा मिनिटांच्या आत आहे, मुलं कंटाळली तर उपयोगी पडतं.

न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाकडच्या मराठी मंडळींना लुईव्हिल लांब पडतं. त्यांच्यासाठी पेनसिल्व्हेनियातलं खरं डिअर लेक दोन तासांच्या आत-बाहेर आहे. टेकडीवरची ही छावणी अलीने १९७२मध्ये उभारली. २०१६मध्ये माइक मॅडन यांनी ती विकत घेऊन दुरुस्त केली आणि २०१९मध्ये लोकांसाठी उघडली. लाकडी ओंडक्यांच्या खोल्या, जिम, स्वयंपाकघर, आणि बाहेर भलेमोठे दगड, ज्यांवर अलीच्या वडिलांनी जुन्या बॉक्सरांची नावं रंगवली होती. वडील पाट्या रंगवायचं काम करत. सगळ्यात मोठ्या दगडावर जो लुईसचं नाव आहे. लुईव्हिलच्या चौथ्या मजल्यावर याची प्रतिकृती बघून जे कळत नाही ते इथे कळतं, ते म्हणजे जागेचा एकांत आणि चढण. पळायला चढ, फोडायला लाकूड, आणि लक्ष विचलित करायला जवळ काही नाही. प्रवेशशुल्क नाही. ते रोज उघडं नसतं आणि हिवाळ्यात बंद राहतं, म्हणून त्यांचं वेळापत्रक बघूनच निघा. पावसानंतर पायवाटा निसरड्या होतात, बूट चांगल्या पकडीचे हवेत. इथे बटण दाबून बघायचे पडदे फारसे नाहीत, त्यामुळे लढती घरी बघून गेलात तर जिममध्ये उभं राहिल्यावर काय बघतो आहोत ते समजेल.

दोन्हीपैकी एकच जमणार असेल तर असं ठरवा. घरात अलीबद्दल फारसं माहीत नसेल, मुलं दहा ते सोळा वयाची असतील, किंवा नागरी हक्कांच्या लढ्याबद्दल कुतूहल असेल तर लुईव्हिल. बॉक्सिंग खेळत असाल, शिकवत असाल, किंवा त्याच्या लढती पाठ असतील तर आधी डिअर लेक, आणि लुईव्हिलला पुढे कधीतरी मधल्या वारी, गर्दी नसताना जा. स्पीड बॅगपाशी रांग नसेल तरच ठेका बसेपर्यंत थांबता येतं.